दाणा की ठिपका

२००० सालच्या उत्तरार्धात टोरांटोच्या मायकेल राइखमान या निसर्गछायाचित्रकाराने एक निकाल दिला आणि जगभरच्या फोटोवाल्यांत मोहोळ उठलं. कॅननचा ईओएस डी-३० हा कॅमेरा तेव्हा नुकताच बाजारात आला होता. सेन्सर जेमतेम ३१ लाख पिक्सेलचा. आजच्या स्वस्तातल्या मोबाइललाही लाज वाटावी असा. राइखमान यांनी तो कॅमेरा आणि फुजीची प्रोव्हिया १००एफ ही स्लाइड फिल्म समोरासमोर आणली. तीच दृश्यं दोन्हींवर टिपली, फिल्म स्कॅन केली, दोन्हींचे प्रिंट काढून शेजारी शेजारी मांडले आणि सांगून टाकलं की डिजिटलचा प्रिंट सरस आहे.

प्रोव्हिया ही काही सहलीला जाताना नाक्यावरच्या दुकानातून उचलायची फिल्म नव्हती. बारीक दाण्यासाठी नावाजलेली, व्यावसायिकांची फिल्म होती ती. साहजिकच अनेकांनी राइखमान यांना वेड्यात काढलं. आकडेमोड करायला बसलं तर लोकांचंच बरोबर वाटतं.

फुजीच्या माहितीपत्रकात प्रोव्हियाची क्षमता दिलेली आहे. फिकट, कमी फरकाच्या रेषांचा तक्ता ठेवला तर ही फिल्म एका मिलिमीटरमध्ये ६० रेषा वेगळ्या दाखवते. काळ्याकुट्ट आणि पांढऱ्याशुभ्र रेषांचा ठेवला तर १४०. एक रेष आणि तिच्या शेजारची मोकळी जागा दाखवायला किमान दोन पिक्सेल लागतात. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. पहिल्या हिशेबाने तिच्यात सुमारे १ कोटी २४ लाख पिक्सेल मावतात, दुसऱ्या हिशेबाने ६ कोटी ७७ लाख. फिल्म तीच, कंपनी तीच, आणि उत्तरांत पाचपटींहून जास्त फरक. कुठलंही धरलं तरी डी-३० त्याच्या पासंगाला पुरत नाही.

मग राइखमान यांना दिसलं ते काय? त्यांना दिसलं आकाश. सपाट निळ्या भागात फिल्मचे दाणे रवाळ उमटतात, स्कॅनरची ठिपक्यांची जाळी त्या दाण्यांशी भांडते आणि खरखर मुळापेक्षाही वाढते. डी-३०चं आकाश मात्र साबणाने धुतल्यासारखं नितळ होतं. दूरच्या झाडीतली पानं त्यात कमी होती हे खरं. पण हातभर लांबून प्रिंट बघणारा माणूस पानं मोजत नाही. नसलेला तपशील डोळ्याला चटकन जाणवत नाही, असलेली खरखर लगेच खुपते. फिल्मवाले तपशील मोजत होते आणि राइखमान स्वच्छता बघत होते. फिल्म आणि सेन्सर यांच्या तुलनेचा सगळा इतिहास असाच आहे: मापात मागे असतानाच डिजिटल नजरेत पुढे गेलं, आणि कौल दरवेळी ठरला तो कोण, कशातून, काय बघतंय यावर.

मोजमापाची सुरुवात रसायनाच्या कारखान्यात झाली. इंग्लंडमधल्या विडनेस गावी अल्कलीच्या कारखान्यात काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड हे दोघे हौशी छायाचित्रकार. तोवर फोटोची लेप दिलेली काच (तेव्हाची फिल्मच ती) किती वेळ उघडी ठेवायची हा अनुभवाचा आणि नशिबाचा भाग होता. या दोघांनी ठरावीक मेणबत्तीच्या उजेडात काचा धरल्या, त्या किती काळ्या पडतात ते मोजलं आणि १८९० मध्ये निष्कर्ष छापले. त्यातून निघालेली वक्ररेषा इंग्रजी एस अक्षरासारखी दिसते. अगदी कमी उजेडात ती जमिनीलगत रांगते, मध्ये सरळ चढते आणि भरपूर उजेडाकडे जाता जाता पुन्हा आडवी होत जाते. ही वरची सावकाश वळणारी बाजू पुढे शंभर वर्षांनी फिल्मच्या बाजूने मोठी साक्ष देणार होती.

फिल्मचं पोट मात्र कुणाला नीट कळलेलं नव्हतं. जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. उजेड पडला की एखाद्या कणात चांदीचे चारेक अणू सुटे होतात आणि तेवढ्या खुणेवर डेव्हलपर तो अख्खा कण काळा करतो. पण त्याच पाककृतीने केलेल्या दोन घाण्यांत एक काच तल्लख आणि दुसरी मठ्ठ का निघते? १८८२ मध्ये रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन यांच्या काचा अशाच अचानक मठ्ठ निघू लागल्या होत्या. विकलेला माल त्यांना बदलून द्यावा लागला. दोष निघाला जिलेटिनमध्ये. तरी जिलेटिनमध्ये नेमकं काय कमी होतं, हे कळायला चार दशकं गेली. ईस्टमन यांच्याच कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२० च्या दशकात छडा लावला. जिलेटिन बनतं जनावरांच्या कातड्या-हाडांपासून, आणि ज्या गुरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीची झाडं आली त्यांच्या जिलेटिनमध्ये मोहरीच्या तेलातली गंधकयुक्त द्रव्यं उतरत. तेवढा नखभर गंधक चांदीच्या कणांना तल्लख करत होता. छायाचित्रांचा दर्जा गुरांच्या दावणीपर्यंत जाऊन पोचला होता.

सेन्सरला असली वंशावळ नाही. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या चिपची कल्पना मांडली. तेव्हा त्यांच्या डोक्यात होती संगणकाची स्मृती, फोटो नव्हे. २००९ मध्ये दोघांना नोबेलमध्ये वाटा मिळाला तो मात्र चित्र टिपणाऱ्या सर्किटबद्दल.

पहिला निर्विवाद निकाल दिला खगोलशास्त्रज्ञांनी. पॅलोमारच्या ४८ इंची दुर्बिणीवर १९४९ ते १९५८ या काळात आकाशाचं जे मोठं सर्वेक्षण झालं ते १४ इंची चौरस काचांवर. एका काचेत पौर्णिमेचे तेरा चंद्र ओळीने मावतील एवढं आकाश येई. पण काचेवर आदळणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी एखाद-दुसराच खूण सोडायचा. त्यात उजेड मंद असला की फिल्म आळसावते. काच दोन तास उघडी ठेवली तरी एका तासाच्या दुप्पट काम होत नाही. म्हणून वेधशाळांत काचा वापरण्याआधी वायूत भाजून घेत. सीसीडीने शंभरातले निम्म्याहून जास्त प्रकाशकण पकडले आणि दुप्पट वेळेत चोख दुप्पट मोजणी दिली. १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली ती सीसीडी घेऊनच. मोठ्या क्षेत्रासाठी काचा आणखी काही वर्षं टिकल्या, कारण तेवढी मोठी चिप कुणाला बनवता येत नव्हती. या मंडळींत भावनेचा प्रश्न आला नाही. त्यांना फोटो देखणा नको होता, प्रकाशकण मोजायचे होते.

कोडॅकच्या रॉचेस्टरमध्ये गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९७५ च्या डिसेंबरात कोडॅकचे तरुण अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी फेअरचाइल्ड कंपनीची शंभर बाय शंभर पिक्सेलची चिप आणि सुपर-८ सिनेमा कॅमेऱ्याची लेन्स जोडून साडेतीन किलोंहून जड असं एक धूड उभं केलं. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पहिल्या फोटोसाठी प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ उभी राहिली. टीव्हीवर चित्र आलं तेव्हा काळे केस आणि मागची पांढरी भिंत दिसत होती, चेहऱ्याच्या जागी नुसती खरखर. आकड्यांच्या तारा उलट्या क्रमाने जोडल्या गेल्या होत्या. पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं उलटंसुलटं झालं तरी तेच राहतं. मधल्या छटांचा मात्र बोऱ्या वाजतो, आणि माणसाचा चेहरा म्हणजे मधल्याच छटा. वरिष्ठांनी विचारलं, हे फिल्मच्या बरोबरीला कधी येईल? सॅसन यांनी कोडॅकच्याच सगळ्यात छोट्या ११० फिल्मची बरोबरी धरून सुमारे २० लाख पिक्सेल आणि पंधरा-वीस वर्षं असा अंदाज दिला. अंदाज चुकला नाही.

त्याच वर्षी त्याच कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी सेन्सरला रंग दिले. सेन्सरला मुळात फक्त उजेड कळतो. बेयर यांनी प्रत्येक पिक्सेलवर एकेका रंगाची चिमुकली काच बसवली: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. डोळ्याला बारकावे कळतात ते प्रामुख्याने हिरव्यातून, म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा. म्हणजे डिजिटल रंगीत फोटोतले दोन-तृतीयांश रंग टिपलेले नसतात, शेजाऱ्यांना विचारून भरलेले असतात. फिल्मवाल्यांनी हा मुद्दा पुढे पुन्हा पुन्हा काढला आणि तो रास्त होता. फिल्ममध्ये तिन्ही रंगांचे थर एकावर एक असतात. तिला अंदाज करावा लागत नाही.

१९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ-३ च्या पाठीला सेन्सर जोडून डीसीएस हा डिजिटल कॅमेरा विकायला काढला. १३ लाख पिक्सेल, किंमत २० हजार डॉलरच्या घरात, आणि खांद्याला अडकवायची हार्डडिस्कची वेगळी पेटी. फोटोच्या दर्जाच्या नावाने आनंदच होता. तरी तो घेतला वृत्तपत्रांनी. असोसिएटेड प्रेसने १९९४ मध्ये कोडॅकबरोबर स्वतःच्या नावाचा कॅमेराच काढला. वृत्तपत्राच्या कागदावर छपाईचे ठिपके इतके भरड असतात की १३ लाख पिक्सेलमध्ये सात इंच रुंदीचा फोटो निवांत छापून होतो. सामन्याचा निकाल लागल्यावर रोल धुवायला पळायचं, ओल्या निगेटिव्हवर पंखा धरायचा, एवढा सगळा वेळ वाचतो. तिथे फिल्मचे कोट्यवधी पिक्सेल कुणाच्याच उपयोगाचे नव्हते. ते शाईतच बुडणार होते.

२००२ मध्ये कॅननने १डीएस आणला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, १ कोटी १० लाख पिक्सेल, अमेरिकेत आठ हजार डॉलर. त्यानंतर ३५ मिलिमीटर फिल्मची तपशिलाची बाजू फारशी कुणी जोरात लढवली नाही. वाद सरकला दुसरीकडे, आणि खरं तर तिथेच तो जास्त रंगतदार झाला.

पहिला मुद्दा उन्हाचा. सेन्सरमधला पिक्सेल म्हणजे पागोळीखाली ठेवलेली बादली. काठोकाठ भरेपर्यंत थेंबाथेंबाचा हिशेब चोख, भरली की पुढचं सगळं वाहून गेलं. नवरीच्या पांढऱ्या साडीचा पदर उन्हात जळाला तर त्यात नंतर काहीच सापडत नाही, नुसता पांढरा फटक तुकडा. रंगीत निगेटिव्ह इथे सांभाळून घेते: हर्टर-ड्रिफिल्डच्या रेषेचा तो वरचा वळणदार खांदा उजेड वाढला तरी हळूहळूच हार मानतो. त्यामुळे हाताची सवयच उलटी करावी लागली. निगेटिव्हवर काम करणारा सावलीकडे बघून एक्स्पोजर ठरवायचा आणि थोडं जास्तच द्यायचा. डिजिटलवाल्याने उजळ भागाकडे बघून थोडं कमी द्यायचं. स्लाइड फिल्मवर वाढलेले लोक या बदलात सहज रुळले, कारण स्लाइडही उन्हाला अशीच नाजूक असते.

दुसरा मुद्दा कापडाचा. फिल्मचे दाणे वाटेल तसे विखुरलेले, पिक्सेल मात्र रांगेत उभे. बारीक चौकड्यांचं लुगडं किंवा सूटचं कापड समोर आलं की दोन जाळ्या एकमेकींवर पडतात आणि कापडावर नसलेल्या इंद्रधनुषी लाटा फोटोत उमटतात. उपाय म्हणून सेन्सरपुढे चित्र किंचित मऊ करणारी काच बसवायची. म्हणजे तपशील टिपायला एवढे पिक्सेल घ्यायचे आणि वर त्यांनाच धूसर करायचं. निकॉनने २०१२ मध्ये ३ कोटी ६० लाख पिक्सेलचा डी-८०० विकला तेव्हा निर्णय गिऱ्हाइकावरच सोडला: साधा डी-८०० या काचेसह, डी-८००ई तिच्या परिणामाशिवाय, आणि ई जास्त महाग. लायकाची फजिती याहून मोठी. २००६ चा त्यांचा एम-८ अवरक्त किरण नीट अडवत नव्हता. डोळ्याला काळा दिसणारा कृत्रिम धाग्याचा कोट फोटोत जांभळट यायचा. शेवटी कंपनीने गिऱ्हाइकांना लेन्सवर लावायचे फिल्टर फुकट वाटले.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र फिल्मचा इतिहास तितका सोज्वळ नाही. कोडॅक लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुनापत्र देई. त्यावर गोरी तरुणी, आणि पहिल्या मॉडेलवरून त्या पत्राचं नाव पडलं शर्ली. शर्लीची कांती बरोबर आली की मशीन बरोबर. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांतल्या छटा त्यात दबून जायच्या. एका वर्गफोटोत गोरं मूल आणि काळं मूल शेजारी बसलं तर दुसऱ्याचे नुसते डोळे आणि दात. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या प्रकरणाचा मागोवा घेतला. त्यांना आढळलं की कोडॅकने तपकिरी छटांकडे लक्ष दिलं त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा हात होता. जाहिरातीत दुधाचं चॉकलेट आणि गडद चॉकलेट सारखंच दिसत होतं! आपल्याकडे स्टुडिओत खुर्चीवर बसण्याआधी तोंडावर पावडरचा हात का फिरवला जाई, याची काही कारणं रॉचेस्टरमध्येही सापडतील.

आणि तरीही रंगांच्या आठवणीत कोडाक्रोमचं स्थान कुणी घेतलं नाही. १९३५ मध्ये आलेली ही फिल्म लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोवस्की या दोन संगीतकारांनी शोधली. मुळात तिचे थर कृष्णधवल. रंग धुलाईच्या वेळी एकेक करून चढवायचे. म्हणून थर पातळ, चित्र धारदार, आणि अंधारात जपलं तर रंग दशकानुदशकं टिकणारे. पण धुलाई इतकी किचकट की ठरावीक लॅबशिवाय कुणी नादी लागत नसे. छायाचित्रकार रघुवीर सिंह यांच्या भारतातल्या रस्त्यांचे ते गच्च भरलेले रंग कोडाक्रोमचे. २००९ मध्ये कोडॅकने ही फिल्म बंद केली आणि कारखान्यातून निघालेला शेवटचा ३६ फोटोंचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मकरी यांच्या हाती दिला. त्यांनी तो न्यूयॉर्कमध्ये सुरू केला, मग मुंबई गाठून हिंदी चित्रपटसृष्टीतले चेहरे टिपले, राजस्थानात रबारी लोकांकडे गेले आणि रोल धुवायला कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी नेला. जगातली कोडाक्रोमची उरलेली एकमेव लॅब तिथे होती; २०१० संपता संपता तिनेही हे काम थांबवलं.

सिनेमावाले सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत कुरकुरत आले. पडदा चाळीस फुटी, तिथे काहीच लपत नाही. पण २००४ मध्ये दिग्दर्शक मायकेल मान यांनी ‘कोलॅटरल’चा बराचसा भाग डिजिटलवर घेतला तो नेमका दर्जासाठी. लॉस एंजलिसचं रात्रीचं आकाश, ढगांवर पडलेला सोडियमच्या दिव्यांचा नारिंगी उजेड फिल्मला दिसतच नव्हता. तिच्या लेखी ते काळं होतं. ‘स्लमडॉग मिलियनेअर’चं कारण आणखी रोकडं. मुंबईच्या गल्ल्यांतून पोरांच्या मागे धावायचं तर ३५ मिलिमीटरचा अवजड कॅमेरा अडकतो आणि बघ्यांची गर्दीही गोळा करतो. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी मुठीत मावेल असं एसआय-२के कॅमेऱ्याचं डोकं हातात धरलं आणि रेकॉर्डिंगचं यंत्र पाठीवरच्या पिशवीत टाकलं. चित्रपटाचा काही भाग फिल्मवर होता, पण मोठा वाटा डिजिटलचा. २००९ मध्ये छायालेखनाचं ऑस्कर त्याला मिळालं. असा मान मिळवणारा हा प्रामुख्याने डिजिटलवर घेतलेला पहिलाच चित्रपट. २०११ पर्यंत आरी, पॅनाव्हिजन आणि आटों या तिन्ही कंपन्यांनी नवे फिल्म कॅमेरे बनवणं बंद केलं, आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

याच सुमारास जुन्या निगेटिव्ह स्कॅनरवर चढू लागल्या आणि एक अडचणीची गोष्ट उघड झाली. थेटरात प्रेक्षकांनी कधी निगेटिव्ह पाहिलीच नव्हती. पाहिली होती तिच्या प्रतीच्या प्रतीची प्रत, तीही ओरखडलेली आणि मंद दिव्याच्या प्रोजेक्टरवर. १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमध्ये आगीत होरपळलेल्या सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्हचे वाचलेले भाग बोलोन्यात हाताने दुरुस्त करून स्कॅन झाले आणि २०१५ मध्ये ते चित्रपट बघणाऱ्यांना १९५० च्या दशकात न दिसलेले बारकावे दिसले. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून असाच उभा राहिला आणि २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. गोविंद निहलानींनी टिपलेलं स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावरचं ऊन त्यात पुन्हा पाहता येतं. म्हणजे फिल्मचा पूर्ण दर्जा पहिल्यांदा दाखवला तो सेन्सरनेच. स्कॅनरच्या पोटात तोच तर असतो.

आता दोन्ही बाजू एकमेकींच्या वस्तू उसन्या घेतात. ‘ओपनहायमर’साठी कोडॅकने ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म खास बनवून दिली, कारण तशी फिल्म अस्तित्वातच नव्हती. उलट २०२१ चा ‘डून’ डिजिटल कॅमेऱ्यावर घेतला, मग ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरवला आणि ती फिल्म स्कॅन करून पुन्हा डिजिटल केली; छायालेखक ग्रेग फ्रेझर यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. राइखमान यांना नकोशी वाटलेली खरखर आता पैसे मोजून आणली जाते. इंटरनेटवरून चित्रपट पाठवताना मात्र ती जड जाते, कारण विस्कळीत दाणे आकड्यांत दाबून बसवता येत नाहीत. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही-१ या पद्धतीत त्यावर तोड आहे: पाठवण्याआधी चित्रातले दाणे पुसायचे, ते किती आणि कसे होते याची कृती सोबत धाडायची. त्या कृतीवरून फोन किंवा टीव्ही दर फ्रेमला नवे दाणे तयार करून चित्रावर पसरतो.